महामार्ग ८० वरील तीन शेरीफ

‘शेरीफ’ हा शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे तो दोन ठिकाणांहून. एक म्हणजे काउबॉयच्या चित्रपटांत छातीवर तारा लावून धुळीच्या रस्त्यावर उभा राहणारा एकांडा शिलेदार. दुसरे म्हणजे मुंबईचे नगरपालपद. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेले हे मानाचे पद दिलीपकुमार, सुनील गावस्कर अशा नामवंतांनी भूषविले, पण सत्ता म्हणावी अशी त्यात काही नव्हती. अमेरिकेच्या दक्षिणेकडील शेरीफ समजून घ्यायचा तर ही दोन्ही चित्रे बाजूला ठेवावी लागतात.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला लहानसा जिल्हा. तिथला शेरीफ हा पोलीसप्रमुख असतो, तुरुंगही बहुधा त्याच्याच ताब्यात असतो आणि न्यायालयाचे समन्स व हुकूम बजावण्याचे कामही त्याच्याकडे असते. म्हणजे पोलीस अधीक्षक, तुरुंगाधिकारी आणि बेलिफ या तिघांचे अधिकार एका हातात. हाताखालचे डेप्युटी तोच नेमतो. शिवाय तो लोकांनी निवडून दिलेला असतो. आपल्याकडे अधिकारी डोईजड झाला की लोक त्याच्या बदलीची वाट पाहतात. शेरीफची बदली होत नाही, त्याला मतपेटीतूनच हटवावे लागते. मात्र १९६५ पर्यंत अलाबामातील बहुसंख्य कृष्णवर्णीयांचे मतदारयादीत नावच नव्हते. ज्याच्या दंडुक्याची सर्वाधिक भीती त्यांना होती, त्याला निवडण्यात त्यांना काडीइतकाही वाटा नव्हता.

६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदानहक्काच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची स्वाक्षरी झाली आणि साक्षरतेच्या परीक्षेचा अडसर दूर झाला. पुढच्याच वर्षी अलाबामात शेरीफपदाच्या निवडणुका आल्या. सेल्मापासून माँटगोमेरीवरून पूर्वेला टस्कीगीकडे जाणाऱ्या ८० क्रमांकाच्या महामार्गावर डॅलस, लाउंड्स आणि मेकन या तीन काउंट्या आहेत. तिन्हींत कृष्णवर्णीय बहुसंख्य, आणि तिन्हींत १९६६ साली ‘नवे नेतृत्व’ हाच निवडणुकीचा प्रश्न होता. पण या दोन शब्दांचा अर्थ तिन्ही ठिकाणी एक नव्हता. या निवडणुका शेजारी ठेवून वाचल्या, तर माणूस बदलणे आणि सत्ता बदलणे यांतले अंतर जितके स्पष्ट दिसते तितके ग्रंथोक्त व्याख्यांतून क्वचितच दिसेल.

डॅलस काउंटीचा शेरीफ जिम क्लार्क जगाला ठाऊक होता. ‘नेव्हर’ – कदापि नाही – असे लिहिलेला बिल्ला तो कोटावर मिरवीत असे. ७ मार्च १९६५ रोजी सेल्माच्या पुलावर निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर राज्याचे पोलीस तुटून पडले, तेव्हा क्लार्कने जमवलेले घोडेस्वारही त्यांच्यासोबत होते. त्याच्याविरुद्ध डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत उभा राहिला विल्सन बेकर, सेल्मा शहराच्या सुरक्षाखात्याचा प्रमुख. बेकरही गोराच होता, आणि त्याला समतेचा पुरस्कर्ता म्हणणे धाडसाचे ठरेल. मोर्चेकऱ्यांना अटक त्यानेही केली होती. मात्र उघड मारहाणीने आपलीच बाजू लंगडी पडते, हे त्याला क्लार्कच्या आधी उमजले होते. कृष्णवर्णीय मतदारांनी त्याला भरभरून मते दिली. पक्षाच्या समितीने कृष्णवर्णीय वस्त्यांतील सहा मतपेट्या बाद ठरवण्याचा घाट घातला, केंद्र सरकार न्यायालयात गेले, त्या पेट्यांतील मते मोजली गेली आणि क्लार्क हरला. नोव्हेंबरमध्ये मतपत्रिकेवर आपले नाव हाताने लिहून घेण्याचा त्याचा प्रयत्नही वाया गेला. इथे ‘नवे नेतृत्व’ म्हणजे जुन्याच घरातला अधिक सुसंस्कृत माणूस. ज्यांनी पाठीवर वळ सोसले होते त्यांच्या लेखी हा फरक लहान नव्हता, आणि दूर बसून त्याला तुच्छ लेखण्याचा अधिकार आपल्याला नाही.

महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला मेकन काउंटीत लुशियस अ‍ॅमरसन हा कोरियन युद्धात लढून आलेला कृष्णवर्णीय उमेदवार डेमोक्रॅटिक पक्षातूनच लढला आणि नोव्हेंबर १९६६ मध्ये निवडून आला. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळानंतर अलाबामातला हा पहिला कृष्णवर्णीय शेरीफ. हे मेकनमध्येच का घडले, याचे उत्तर टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेत आणि माजी सैनिकांसाठीच्या सरकारी रुग्णालयात आहे. तिथले प्राध्यापक, डॉक्टर, परिचारिका, कर्मचारी यांची भाकरी गोऱ्या जमीनदारावर अवलंबून नव्हती. मताचा अधिकार कायद्याने मिळतो. तो न भिता वापरण्यासाठी पायाखाली थोडी तरी स्वतःची जमीन लागते.

ती जमीनच लाउंड्समध्ये नव्हती. लोकसंख्या जेमतेम पंधरा हजार. त्यांत पाचांतले चार कृष्णवर्णीय, पण बहुतांश जमीन मूठभर गोऱ्या कुटुंबांकडे, आणि बाकीचे वाट्याने कापूस पिकवणारे. १९६५ च्या आरंभी इथल्या मतदारयादीत एकही कृष्णवर्णीय नाव नव्हते. ‘रक्तरंजित लाउंड्स’ हे या काउंटीचे नाव उगीच पडले नव्हते. २५ मार्च १९६५ रोजी, माँटगोमेरीची पदयात्रा संपली त्याच रात्री, व्हायोला लिउझो या गोऱ्या स्वयंसेविकेला क्लॅनच्या लोकांनी याच महामार्गावर गोळी घालून ठार केले. ऑगस्टमध्ये हेनव्हिल या काउंटीच्या ठाण्याच्या गावी जोनाथन डॅनियल्स हा धर्मशास्त्राचा विद्यार्थी मारला गेला. त्याला मारणारा टॉम कोलमन हा शेरीफचा मानद डेप्युटी होता, आणि केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. शेरीफच्या खुर्चीत कोण बसतो हा प्रश्न लाउंड्समध्ये असा जिवाशी निगडित होता.

जॉन ह्युलेट आणि त्यांचे सहकारी यांनी स्टोकली कारमायकेल व ‘स्निक’ या विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांच्या साथीने निराळा मार्ग धरला. अलाबामाच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह होते पांढरा कोंबडा, आणि १९६६ पर्यंत त्याच्याशेजारी गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा छापलेली असे. त्यातच पक्षाने शेरीफपदाच्या उमेदवारीचे शुल्क ५० डॉलरवरून ५०० डॉलर केले. त्या घरात शिरण्यापेक्षा आपले घर बांधावे, असे लाउंड्सच्या लोकांनी ठरवले. राज्याच्या जुन्या कायद्यात एका काउंटीपुरता पक्ष काढण्याची तरतूद सापडली. अशा पक्षाने आपले उमेदवार प्राथमिक निवडणुकीच्या दिवशी जाहीर सभेत निवडायचे होते. तशी सभा ३ मे १९६६ रोजी हेनव्हिलच्या चर्चपाशी भरली, सुमारे नऊशे लोक आले, आणि शेरीफपदासाठी सिडने लोगन यांची निवड झाली.

त्याआधीच्या महिन्यांत जे घडले ते मला सभेइतकेच मोलाचे वाटते. शेरीफ काय करतो, करनिर्धारक काय करतो, शाळामंडळाच्या हाती काय असते, हे चित्रांच्या साध्या पुस्तिकांतून गावोगाव समजावले गेले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पदाचा फक्त मार माहीत होता, त्या पदाचे काम काय हे लोक प्रथमच शिकत होते. यात गृहीत धरलेली गोष्ट साधीच होती. वाट्याने शेती करणारा माणूस शेरीफ निवडू शकतो. इतकेच कशाला, तो शेरीफ होऊही शकतो.

निरक्षर मतदारासाठी चिन्ह हवे होते. १९५१–५२ च्या निवडणुकीपासून बैलजोडी आणि हत्ती पाहत आलेल्या आपल्याला हे समजावून सांगायला नको. लाउंड्सच्या पक्षाने चिन्ह घेतले झेपावणारा काळा चित्ता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या तरुणांनी ते उचलले आणि ‘ब्लॅक पँथर’ हे नाव जगभर गेले. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदींनी ‘दलित पँथर’ स्थापन केली, तेव्हा तिच्या नावामागे ओकलंड होते आणि ओकलंडमागे अलाबामातल्या कापूस पिकवणाऱ्यांची मतपत्रिका. आपल्याकडे या वंशावळीतले ओकलंड आठवले जाते. लाउंड्स सहसा विसरले जाते.

नोव्हेंबर १९६६ मध्ये पँथरचे सर्व उमेदवार हरले. मतदारयादीत नाव घातल्याबद्दल अनेक कुटुंबांना जमीनमालकांनी घराबाहेर काढले होते. महामार्गाच्या कडेला त्यांचे तंबू उभे होते. जी अजून मालकाच्या जमिनीवर होती, त्यांतील अनेकांना मालकच गाड्यांत घालून मतदानाला घेऊन आले. मात्र मान्यताप्राप्त पक्ष ठरण्यासाठी लागणाऱ्या वीस टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त मते पँथरला पडली. चार वर्षांनी, १९७० मध्ये, जॉन ह्युलेट शेरीफ झाले आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ त्या पदावर राहिले.

त्या विजयाचे मोल नेमके कसे करावे? शेरीफच्या कार्यालयाचा धाक संपला, ही गोष्ट ज्यांनी तो धाक भोगला नाही त्यांनाच किरकोळ वाटेल. पण ह्युलेट पुढे डेमोक्रॅटिक पक्षातच गेले, आणि सामान्य शेतकऱ्याने सत्तापद चालवावे हा १९६६ चा आग्रह हळूहळू विरला. ‘नवे नेतृत्व’ पुन्हा एका माणसाचे नाव झाले. शेरीफ अटकेचा हुकूम बजावू शकतो किंवा मारहाण थांबवू शकतो. जमीन वाटून देणे त्याच्या अधिकारात नसते.

त्या जमिनीविषयी शेवटी एक गोष्ट नोंदवायला हवी. हा प्रदेश ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणून ओळखला जातो तो मुळात काळ्या, कसदार मातीमुळे. विदर्भातल्या वाचकाला कापसाचे आणि काळ्या मातीचे नाते सांगणे नको. हीच चिकण माती पाणी जिरू देत नाही. त्यामुळे लाउंड्समधल्या गरिबांच्या घरांमागे सांडपाणी उघड्यावर साचते, आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथे अंकुशकृमीच्या संसर्गाच्या खुणा आढळल्या. या प्रश्नावर केंद्र सरकारने २०२३ मध्ये राज्याच्या आरोग्यखात्याशी समझोता केला आणि २०२५ मध्ये तो रद्द केला. मतपेटीतून कृष्णवर्णीय शेरीफ निवडून आल्याला तोवर अर्धशतक उलटून गेले होते. १९६६ च्या त्या चित्रपुस्तिकांत शेरीफबरोबर करनिर्धारकाचे आणि शाळामंडळाचेही धडे होते, ते का, हे अशा वेळी ध्यानात येते. लाउंड्सच्या लोकांनी एक खुर्ची मागितली नव्हती, त्यांनी सगळे दफ्तर मागितले होते.