खोबरेल तेलाचा भाव, खात्रीचा भाव: घाण्यापासून निळ्या बाटलीपर्यंत

१/ ‘जिकडे खोबरे तिकडे चांगभले’ ही म्हण आपण संधिसाधू माणसासाठी वापरतो. खोबरेल तेल विकत घेणाऱ्यापुढे मात्र पिढ्यान्‌पिढ्या निराळाच प्रश्न उभा आहे: या तेलात खोबरे खरोखर किती आहे? चांगले तेल परवडणाऱ्या दरात कसे मिळवावे, हा प्रश्न वरकरणी घरगुती वाटतो. त्यामागे दोन शतकांहून मोठा इतिहास आहे. आजच्या धाग्यात तो पाहू.

२/ आधी मूळ अडचण समजून घेऊ. तांदळातला खडा दिसतो, तेलातले तेल दिसत नाही. खोबरेल तेलात दुसरे स्वस्त तेल मिसळले, तर ते विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते. म्हणून ग्राहक प्रत्येक वेळी दोन वस्तू विकत घेतो: तेल आणि खात्री. खोबरेल तेलाचा इतिहास हा बऱ्याच अंशी ‘ही खात्री कोण देणार’ याचा इतिहास आहे.

३/ पहिले उत्तर होते गावचा घाणा. लाकडी उखळीत लाट फिरे, बैल गोल चाले आणि तेल डोळ्यांसमोर गळे. पुष्कळ घरे आपलेच सुके खोबरे घेऊन घाण्यावर जात, तेल घरी नेत आणि गाळपाचा मोबदला देत. तेली ओळखीचा, खोबरे स्वतःचे, गाळप समोर. अशा व्यवहारात वेगळ्या शिक्क्याची गरजच नव्हती.

४/ कोकणात या धंद्याला एक विलक्षण पदर आहे. कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायल समाजाचा पिढीजात व्यवसाय तेल गाळण्याचा. ज्यू धर्मानुसार शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. सोमवार पाळणारे ते ‘सोमवार तेली’. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर ही त्यांची आडनावे थेट गावांवरून आलेली. नावातच गावाची ओळख, आणि ओळख हीच पत.

५/ पण घाण्याला मर्यादा होत्या. दिवसभरात थोडेच गाळप होई आणि पेंडीत बरेच तेल शिल्लक राही. घाण्याचे तेल विश्वासाचे खरे, पण खोबऱ्याचा पुरेपूर उतारा त्यातून मिळत नसे. मोठ्या शहरांची आणि परदेशांची मागणी वाढू लागली, तेव्हा हा हिशेब अपुरा पडू लागला.

६/ ही परदेशी मागणी प्रथम उजेडासाठी आली. लंडनमध्ये १८३० साली स्थापन झालेली प्राइस मेणबत्ती कंपनी सिलोनच्या खोबरेल तेलावर प्रक्रिया करून मेणबत्तीचा पदार्थ काढू लागली. पुढे साबण आणि मार्गारिन यांच्या कारखान्यांना हेच तेल हवेसे झाले. परिणाम असा, की मलबारच्या खोबऱ्याचा भाव आता केवळ गावच्या बाजारात ठरेना. युरोपातील कारखान्यांची भूकही तो ठरवू लागली.

७/ दूरच्या खरेदीदाराला तेली दिसत नाही. मग खात्री कशी मिळवायची? व्यापाऱ्यांनी बंदराच्या नावाचा आधार घेतला. ‘कोचीन तेल’ म्हणजे उजळ रंगाचे, सौम्य वासाचे, वरच्या प्रतीचे. ‘सिलोन तेल’ त्याखालचे. कालांतराने ‘कोचीन’ हे नाव ठिकाणापेक्षा प्रतीचे नाव म्हणून अधिक वापरले जाऊ लागले.

८/ प्रतीतला हा फरक मुख्यतः वाळवणीत होता. ओल्या नारळाच्या गरात साधारण निम्मे पाणी असते. ते सुमारे ६ टक्क्यांपर्यंत उतरले, तरच खोबरे टिकते. अन्यथा बुरशी लागते, तेल आंबते, पिवळे पडते. स्वच्छ उन्हात वाळवलेल्या खोबऱ्याचे तेल उजळ निघते. भट्टीच्या धुरात वाळवलेल्याला रंग आणि वास चिकटतो. चांगले तेल घाण्यात बनण्याआधी खळ्यात बनते, ते असे.

९/ पहिल्या महायुद्धापूर्वी मलबारच्या खोबऱ्याचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक जर्मनी होता. १९१४ साली युद्ध पेटले आणि ती बाजारपेठ एका फटक्यात बंद झाली. कच्चे खोबरे बाहेर पाठवण्यापेक्षा तेल येथेच का गाळू नये, हा विचार बळावला. १९१७ मध्ये टाटा ऑइल मिल्स कंपनी स्थापन झाली आणि कोचीनजवळ तिचा कारखाना उभा राहिला. ती वसाहत पुढे ‘टाटापुरम’ म्हणून ओळखली गेली.

१०/ गिरणीने पेंडीतले तेलही पिळून काढले, त्यामुळे त्याच खोबऱ्यातून अधिक तेल मिळू लागले. मात्र गिऱ्हाईक आणि घाणा यांची ताटातूट झाली. तेल मोठ्या डब्यातून दुकानात येई. वाणी डबा फोडून मापाने तेल ओती आणि गिऱ्हाईक घरची बाटली भरून नेई. गिरणीपासून डब्यापर्यंत तेल शुद्ध असले, तरी डब्यापासून बाटलीपर्यंत त्याची हमी कोणाकडेच नव्हती.

११/ ही पोकळी भरायला कायदा आला. १९३७ च्या कायद्याने शेतमालाची प्रतवारी सुरू झाली. त्यातूनच ‘अ‍ॅगमार्क’ आला. १९५४ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. १९९८ साली दिल्लीत भेसळयुक्त मोहरीच्या तेलाने अनेकांचे प्राण गेले आणि त्याच वर्षी खाद्यतेलाच्या सीलबंद विक्रीसाठी केंद्राने आदेश काढला. सुट्या तेलाचे स्वातंत्र्य किती महाग पडू शकते, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

१२/ आता तेल्याच्या चेहऱ्याची जागा प्रयोगशाळेतील आकड्यांनी घेतली. खोबरेल तेलाचे आयोडीन मूल्य ७.५ ते १० यांच्या दरम्यान असावे लागते. शेंगदाणा तेलाचे ते ८५ च्या पुढे जाते. साबणीकरण मूल्य किमान २५० हवे. खनिज तेल मिसळले की ते घसरते, कारण खनिज तेलाचा साबण होतच नाही. डोळ्यांना न दिसणारी भेसळ असे आकडे पकडतात.

१३/ घराघरांत एक जुनी परीक्षा आहे: थंडीत गोठले की तेल खरे. ती अर्धीच खरी आहे. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठू लागते, त्यामुळे पातळ खनिज तेलाची मोठी भेसळ या परीक्षेत उघडी पडू शकते. पण पाम फळाच्या गाभ्यातील बियांचे तेल याच तपमानाच्या आसपास गोठते आणि त्याची घडणही खोबरेलाशी मिळतीजुळती असते. चतुर भेसळ थंडीला भीत नाही.

१४/ पुढचा टप्पा मुंबईच्या मशीद बंदरात घडला. याच परिसरात शनवार तेल्यांच्या वंशजांनी १७९६ साली आपले पहिले सिनेगॉग बांधले होते. पुढे येथेच मरीवाला कुटुंबाची पेढी होती. आडनाव मिऱ्यांच्या व्यापारावरून आलेले. त्यांच्या बॉम्बे ऑइल इंडस्ट्रीजचे ‘पॅराशूट’ तेल १५ लिटरच्या डब्यांतून विकले जाई. १९७१ मध्ये धंद्यात आलेल्या हर्ष मरीवाला यांनी ते लहान, सीलबंद पॅकमध्ये घरापर्यंत नेण्याचे ठरवले.

१५/ पत्र्याचा डबा महाग, प्लॅस्टिक स्वस्त. पण दुकानदार प्लॅस्टिकला तयार नव्हते, कारण आधीच्या एका प्रयत्नातील चौकोनी बाटल्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. कोपराच नसेल तर दात कोठे रोवणार? म्हणून गोल बाटली घडवली गेली, आणि उंदरांच्या पिंजऱ्यात बाटल्या ठेवून दुकानदारांना खात्री पटवली गेली. ही हकीकत मरीवाला यांनी स्वतः सांगितली आहे. निळ्या बाटलीच्या गोलाईमागे उंदीर आहे!

१६/ सील न फुटलेली बाटली म्हणजे वाण्याच्या मापावरचा पडदा दूर झाला. मात्र ही खात्री फुकट नव्हती. जाहिरात, वितरण आणि नाव यांचा खर्च किमतीत मिसळला. नावाची किंमत किती, हे २००६ मध्ये दिसले. मॅरिकोने हिंदुस्तान लिव्हरकडून ‘निहार’ हा ब्रँड सुमारे २१६ कोटी रुपयांना घेतला.

१७/ भावात आणखी एक अदृश्य घटक असतो: कर. लहान बाटलीतील शुद्ध खोबरेल हे खाद्यतेल की केशतेल? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले. १८ डिसेंबर २०२४ रोजी तीन न्यायमूर्तींनी निर्णय दिला, की केवळ बाटली लहान म्हणून ते केशतेल ठरत नाही. तेव्हा जीएसटी खाद्यतेलावर ५ टक्के, केशतेलावर १८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून केशतेलही ५ टक्क्यांत आले आणि वादाची धार बोथट झाली.

१८/ तर मग भेसळ संपली का? नाही. २०१८ मध्ये केरळच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने भेसळीच्या कारणावरून खोबरेल तेलाच्या डझनावारी ब्रँडांच्या विक्रीवर बंदी घातली. नारळाच्या राज्यात ही अवस्था! सीलमुळे वाटेतली भेसळ थांबते. कारखान्यातच केलेली भेसळ सीलच्या आतच राहते.

१९/ अशा वेळी व्यापाऱ्याचा जुना हिशेब कामी येतो. १०० किलो खोबऱ्यातून साधारण ६० ते ६५ किलो तेल निघते; म्हणजे १ किलो तेलाला सुमारे १.६ किलो खोबरे. २०२५ च्या हंगामासाठी गाळपाच्या खोबऱ्याचा हमीभाव क्विंटलला ११,५८२ रुपये होता. त्या दरानेही १ किलो तेलातील खोबरेच सुमारे १८५ रुपयांचे. पेंडीचे थोडे पैसे परत येतात. पण गाळप, वाहतूक, बाटली, कर आणि नफा वर चढतात. त्या वर्षी बाजारभाव तर हमीभावाच्या कितीतरी वर होता. केरळात तेल किलोला ४०० रुपयांपलीकडे गेले.

२०/ म्हणजे ‘स्वस्त’ या शब्दाला एक तळ असतो, आणि तो खोबऱ्याचा भाव ठरवतो. त्या तळाखाली जो शुद्ध तेल देऊ करतो, तो एकतर तोटा सोसतो आहे किंवा दुसरे काही विकतो आहे. अशा खरेदीत शेवटी तेलही जाते, तूपही जाते आणि हाती धुपाटणे येते. तळाच्या वर मात्र काटकसरीला भरपूर वाव आहे, कारण तेथे आपण नाव, बाटली आणि जाहिरात यांचे पैसे मोजत असतो.

२१/ दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लिटर आणि किलो एक नव्हेत: १ लिटर खोबरेल साधारण ९१५ ते ९२० ग्रॅम भरते, म्हणून तुलना वजनाने करावी. आणि लेबलावर ‘खाद्यतेल’ आहे का, घटकांत खोबरेल तेलाखेरीज काही आहे का, हे वाचावे. ‘केशतेल’ म्हणून विकलेल्या बाटलीत खनिज तेल असणे बेकायदा नसते. ते तेथे लिहिलेले असते, आपण वाचत नाही एवढेच.

२२/ आज शहरांत लाकडी घाणे पुन्हा दिसू लागले आहेत आणि गिऱ्हाईक जास्त पैसे मोजून समोर गळणारे तेल नेते आहे. बैलाच्या जागी विजेची मोटर आली, पण विकली जाते ती तीच जुनी वस्तू: डोळ्यांदेखत मिळणारी खात्री. तुमच्या गावात कोणाचा घाणा होता, तो कोणत्या वारी बंद असे, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि खाली लिहा. हा इतिहास अजून पुष्कळसा आठवणींतच आहे.