बिरसीची धावपट्टी आणि इंधनाचा ऑक्टेन अंक

गोंदिया शहराजवळची बिरसीची धावपट्टी ब्रिटिश सरकारने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली, तेव्हा आजचा गोंदिया जिल्हा मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्यात मोडत होता आणि स्वतंत्र जिल्हा म्हणून तो 1 मे 1999 रोजी अस्तित्वात आला. त्या युद्धातील पिस्टन इंजिनांची ताकद धातूइतकीच पेट्रोलच्या प्रतीवर अवलंबून होती, आणि ही प्रत कशी ठरवावी हा प्रश्न तोवर वीस वर्षांचा झाला होता.

पेट्रोल इंजिनात ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरमध्ये पसरत असताना तिच्यापुढचे मिश्रण दाबले जाऊन तापते, आणि ज्योत पोहोचण्याआधीच ते आपोआप पेटले तर दाबाच्या लाटा उसळून धातूवर आघात होतो. मिस्त्री यालाच नॉकिंग म्हणतात. इंग्लंडमधील हॅरी रिकार्डो यांनी इंजिनाच्या ताकदीची मर्यादा इंधनाच्या या दोषामुळे पडते हे दाखवून दिले. अमेरिकेत ग्रॅहम एडगर यांनी 1926 मध्ये सहज ठोकणाऱ्या हेप्टेनला शून्य आणि ठोक्याला दाद न देणाऱ्या आयसो-ऑक्टेनला 100 अंक देऊन मोजपट्टी घडवली, आणि पुढे चालू असतानाच संपीडन बदलता येणाऱ्या एकसिलिंडरी प्रमाण इंजिनावर इंधनांची तुलना होऊ लागली. ऑक्टेन अंक थेट मोजलेला नसून असा तुलनेने लावलेला आहे, हे पंपावर तो वाचणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

रॉयल एअर फोर्सच्या मर्लिन इंजिनांना 1940 मध्ये 100 ऑक्टेनचे इंधन मिळाले आणि नॉकिंगच्या भीतीवाचून त्यांत हवेचा दाब बराच वाढवता आला. या यशामागे थॉमस मिड्गली यांनी 1921 मध्ये शोधलेले शिशाचे संयुग, टेट्राएथिल लेड, होते. अल्कोहोलनेही नॉकिंग आवरते हे त्या वेळी ठाऊक असूनही उद्योगाने शिसे निवडले आणि 1924 मध्ये न्यू जर्सीत कामगार विषबाधेने मेल्यावरही निवड बदलली नाही, हा या इतिहासातील सर्वांत दुःखद निर्णय होय. भारतात मोटारींच्या पेट्रोलमधून शिसे 2000 साली हटले. विमानांच्या पेट्रोलमध्ये मात्र ते आजही असते.

प्रमाण इंजिनावरील चाचणी खर्चिक व वेळखाऊ असल्याने पुढे संशोधकांनी मूळ कारणाकडेच मोर्चा वळवला. बंद, तापलेल्या कक्षातील दाबलेल्या हवेत थोडे इंधन फवारायचे आणि फवारणीपासून पेट घेईपर्यंतचा मिलिसेकंदांतील काळ, म्हणजे प्रज्वलन-विलंब, मोजायचा. विलंब जितका जास्त तितका नॉकिंगला विरोध अधिक, असा हा ढोबळ नियम आहे. पण एकाच तापमानाला घेतलेल्या मापावर विसंबता येत नाही, कारण हेप्टेन आणि आयसो-ऑक्टेन दोन टप्प्यांत पेटतात व काही पट्ट्यात तापमान वाढूनही त्यांचा विलंब कमी न होता वाढतो, तर इथेनॉल तसे वागत नाही. प्रमाण इंजिनाच्या सौम्य, म्हणजे रिसर्च पद्धतीने इथेनॉलचा अंक सुमारे 108 भरतो आणि अधिक तापमानाच्या मोटर पद्धतीने तो 90 च्या आसपास उतरतो.

हा फरक आता भारताच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे, कारण 20 टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल देशभर विकले जाते आणि सरकारी गोदामांतील अतिरिक्त तांदळापासून इथेनॉल काढण्यास 2020 मध्ये परवानगी मिळाल्याने भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात पिकणाऱ्या धान्याचा या जुन्या प्रश्नाशी संबंध आला आहे. एकेकाळी बाजूला सारलेले अल्कोहोल असे परतल्यावर ऑक्टेनचा अंदाज बांधणाऱ्या गणिताला विलंबाबरोबरच इथेनॉलची वाफ होताना मिश्रण किती थंडावते याचाही हिशेब धरावा लागतो.