'थिंग' : एका सभेची गोष्ट

इंग्रजीतील सर्वांत निराकार शब्द कोणता, असे कुणी विचारले तर 'थिंग' हेच उत्तर द्यावे लागेल. नाव आठवेनासे झाले की 'थिंग', नाव उच्चारायचे नसले की 'थिंग'. सुई, संकट, सवय, कल्पना, कीव यावी असा माणूस; या शब्दाला काहीच वर्ज्य नाही. विद्यार्थ्याच्या निबंधात तो आढळला की शिक्षक त्याखाली रेघ ओढतात आणि अधिक नेमका शब्द सुचवतात. ज्याला स्वतःचा अर्थच उरला नाही असा हा शब्द. मात्र त्याचा जन्म माणसांच्या तंट्यांत आणि न्यायनिवाड्यांत झालेला आहे.

जुन्या इंग्रजीत 'थिंग' म्हणजे सभा. नुसता जमाव नव्हे; नेमल्या वेळी, नेमल्या जागी, वाद मिटवण्यासाठी भरणारी सभा. केंटच्या राजांच्या सातव्या शतकातील कायद्यांत हा शब्द या अर्थाने येतो. तिसऱ्या शतकात ब्रिटनमधील हेड्रियनच्या भिंतीवर पहारा देणाऱ्या रोमन सैन्यातील जर्मानिक सैनिकांनी जी वेदी उभारली, तिच्यावरील लेखात 'मार्स थिंग्सस' असे देवाचे नाव आहे. हा सभेचा रक्षणकर्ता मंगळ, असा त्याचा अर्थ सामान्यतः लावला जातो. मंगळवाराचे जर्मन नाव 'डीन्सटाग' हेही त्याच्याशीच जोडले जाते.

उत्तरेकडील देशांत हा जुना अर्थ आजही जिवंत आहे. आइसलँडमध्ये इ. स. 930 च्या सुमारास 'अल्थिंग' ही सर्वांची सभा उघड्या माळावर भरू लागली. कायदे लिखित नव्हते, तेव्हा कायदेवक्ता ते खडकावरून मुखोद्गत म्हणून दाखवी. आइसलँडच्या आजच्या संसदेचे नाव तेच आहे. नॉर्वेची 'स्टोर्टिंग' आणि डेन्मार्कची 'फोल्केटिंग' या त्याच कुळातल्या. खुद्द इंग्रजीतही निवडणुकीच्या प्रचारसभांसाठी वापरला जाणारा 'हस्टिंग्ज' हा शब्द 'घरातील थिंग' अशा अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दातून आला आहे.

मग सभेची वस्तू कशी झाली? सभेपुढे जे मांडले जाई, तेही 'थिंग' म्हटले जाऊ लागले: तंटा, खटला, प्रकरण. प्रकरणावरून कोणतीही बाब, आणि बाबीवरून कोणताही पदार्थ. जुन्या इंग्रजीत हे अर्थ शेजारी शेजारी नांदत होते. पुढे इंग्रजीतून सभा लोपली आणि वस्तू तेवढी उरली.

जुने साहित्य वाचताना या इतिहासाचे भान नसेल तर काय निसटते, याचे उत्तम उदाहरण 'बेओवुल्फ' या महाकाव्यात आहे. ग्रेंडेल या राक्षसाशी आपण एकट्यानेच 'थिंग' भरवू, असे नायक म्हणतो. आजच्या अर्थाने वाचले तर हा केवळ एक काम उरकण्याचा निश्चय वाटेल. परंतु कवीने आधीच सांगितले आहे की हा राक्षस तह करत नाही, मारलेल्या माणसांची भरपाई देत नाही. म्हणजे तो कोणत्याही न्यायसभेच्या बाहेरचा आहे. अशा शत्रूला नायक सभेचे आमंत्रण देतो, आणि त्या सभेत दोघांखेरीज कुणी नाही. त्या शब्दातला उपरोध सभेचा अर्थ ठाऊक असेल तरच कानावर पडतो.

हा प्रवास एकट्या इंग्रजीचा नाही. लॅटिनमधील 'काउसा' म्हणजे कारण, तसाच खटलाही; त्यातून फ्रेंच 'शोज' आणि इटालियन 'कोसा' निघाले, आणि दोहोंचा अर्थ वस्तू. जर्मनमधील 'झाखे' म्हणजे बाब, वस्तू. त्याचा जुन्या इंग्रजीतील भाऊबंद कलह व खटला या अर्थाचा होता, आणि तोच आज 'सेक' या शब्दाच्या रूपाने उरला आहे.

आणि आपली 'गोष्ट'? संस्कृत 'गोष्ठ' म्हणजे गाईंचा गोठा. त्यावरून 'गोष्ठी' म्हणजे एकत्र बसणे, मंडळी, त्या मंडळींतील संभाषण. कामसूत्रातील नागरक अशाच गोष्ठीत कलांची चर्चा करतो. ज्ञानेश्वरीत 'गोठी' म्हणजे बोलणे. पुढे जे बोलले जाते ती गोष्ट, आणि ज्याविषयी बोलले जाते तीही गोष्ट. सभेपासून बाबीपर्यंतचा हा मार्ग 'थिंग'चाच. पण मराठीने वाटेत कथेलाही सोबत घेतले. 'ही गोष्ट खरी' आणि 'ही गोष्ट सांग' या दोन वाक्यांत शब्द एकच आहे. समोर पडलेल्या कात्रीला आपण सहज 'वस्तू' म्हणतो. तिला 'गोष्ट' म्हणताना अजूनही थोडे अडखळायला होते. बोलल्याशिवाय गोष्ट होत नाही, ही जाणीव भाषेत कुठेतरी टिकून असावी.

विसाव्या शतकात मार्टिन हायडेगर यांनी 1950 च्या 'वस्तू' या व्याख्यानात 'थिंग'च्या जुन्या अर्थाकडे लक्ष वेधले. 2005 मध्ये ब्रुनो लातूर यांनी त्याच धाग्यावरून असे मांडले की ज्यांच्याविषयी वाद आहे, ज्यांच्याभोवती माणसे जमतात, त्या बाबी हाच राजकारणाचा खरा विषय होय. येथे सावध राहिले पाहिजे. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे त्याचा 'खरा' अर्थ नव्हे. 'थिंग' एकेकाळी सभा होती म्हणून टेबल ही सभा ठरत नाही. शब्दाला आजचा अर्थ आजचे बोलणारेच देतात.

तरीही या इतिहासाचे मोल उरतेच. 'वस्तुस्थिती' म्हटले की चर्चा संपली, असे आपण गृहीत धरतो. वस्तू एका बाजूला, मूक आणि निश्चित. माणसांचे बोलणे दुसऱ्या बाजूला, चंचल आणि शंकास्पद. निरनिराळ्या भाषांतील या शब्दांचा उलगडा मात्र उलट क्रम दाखवतो. आधी माणसे जमली, बोलली, भांडली. ज्यावर ती भांडली त्याला मागाहून 'वस्तू' हे नाव मिळाले. साहित्याच्या वर्गात संहितेला चारी बाजूंनी बंद झालेली वस्तू मानायचे की जिच्याभोवती पुन्हा पुन्हा जमावे अशी गोष्ट मानायचे, हा प्रश्न त्यामुळे केवळ शब्दांचा राहत नाही. ज्या दिवशी तिच्याभोवतीची सभा उठेल, त्या दिवशी संहितेचीही नुसती वस्तू होईल.