सीआरपी ४

हे कुणा एका बाळाचं टिपण नाही. अशी अनेक बाळं मिळून हे एक झालं आहे. वय पाच दिवस, वजन १,७०० ग्रॅम.

रात्री १०. "सिस्टर, आज हा दूधच घेत नाहीये. चमचा तोंडाशी नेला तरी गिळत नाही." झोपेत असेल, असं उत्तर मिळतं. पाय गार आहेत. जंतू रक्तात शिरलेत.

रात्री १२. ठोके १८०. रक्त घेतात. जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीला, कल्चरला, किमान १ मिली हवं. शीर धाग्याएवढी, अर्धा मिली निघतं.

पहाटे २. रिपोर्ट येतो: सीआरपी ४. दहाच्या आत म्हणजे नॉर्मल. सगळे निःश्वास सोडतात आणि घोटाळा इथेच होतो. सीआरपी म्हणजे संसर्गात रक्तात वाढणारं प्रथिन. ते जंतू बनवत नाहीत, बाळाचं यकृत बनवतं. आधी पेशींनी इंटरल्युकिन-६ सोडायचं, मग यकृताने कामाला लागायचं. रक्तात आकडा चढेपर्यंत दहा-बारा तास जातात. १९३० साली रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना हे प्रथिन न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडलं. ते कामाचं आहे, पण उशिरा बोलणारं. औषध लागू पडतंय का, कधी थांबवायचं, हे ते छान सांगतं. सुरू कधी करायचं, हे त्याला विचारू नये. प्रोकॅल्सिटोनिन हे असंच दुसरं प्रथिन त्याच्या काही तास आधी चढतं. जन्मानंतरचे पहिले दोन दिवस ते निरोगी बाळातही वाढलेलं असतं, पण हे बाळ त्यापुढे गेलेलं. ती तपासणी कुणी पाठवलीच नाही. "सकाळी बघू."

पहाटे ५. श्वास थांबतो. तळव्यावर टिचकी मारल्यावर परत येतो. अँटिबायोटिक आत्ता सुरू होतं.

सकाळी ८. छातीवर बोट दाबून सोडलं, रंग परतायला पाच सेकंद. प्लेटलेट ४२,०००.

सकाळी ११. पोटातल्या नळीतून रक्त. व्हेंटिलेटर.

दुपारी १. दुसरा सीआरपी पाठवतात.

दुपारी २.२०. बाळ गेलं.

दुपारी ३. सीआरपी ६४, लाल अक्षरांत.

तिसऱ्या दिवशी लॅबमधून फोन येतो: कल्चरमध्ये क्लेबसिएला हा जंतू. त्या बाळाच्या वॉर्मरवर तेव्हा दुसरं बाळ असतं. सिस्टर विचारते, "कुठल्या बाळाचं?"