जागरातून आलेली सुटी

इंग्रजीतला ‘वेक’ म्हणजे आपला जागरच. प्रेताशेजारी रात्र जागून काढणे हा त्याचा एक अर्थ. गावच्या चर्चच्या वार्षिक सणाची आदली रात्र जागवणे हा दुसरा. पुढे जागरण मागे पडले, जत्रा तेवढी उरली. तिलाच लोक ‘वेक्स’ म्हणू लागले.

लँकेशायरमध्ये कापडगिरण्या आल्या, तरी कामगार जत्रेला जायचे सोडीनात. अखेर मालकांना त्या दिवसांत गिरण्याच बंद ठेवाव्या लागल्या. हळूहळू त्याचा आठवडा झाला. गावोगावचा आठवडा निराळा. भोंगा थांबला, की अर्धेअधिक गाव आगगाडीने ब्लॅकपूलच्या समुद्रावर लोटे. मात्र त्या आठवड्याचा पगार नसे. वर्षभर पेनी-पेनी साठवून तो काढावा लागे. पगारी सुटीचा कायदा व्हायला १९३८ साल उजाडले.

आपल्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने गिरणीकामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळवून दिली. रविवार हा खंडोबाचा वार, आणि जागरणही त्याचेच!

म्हणून म्हणतो, सुटी ही मालकाची मेहेरबानी नव्हे. गिरणीच्या आधीपासून ती आपलीच होती; आपण ती परत घेतली, इतकेच.