सातारा दत्तक प्रकरण
सातारा दत्तक प्रकरण हा सातारा संस्थानाच्या वारशाविषयी १८४८ साली उद्भवलेला वाद होय. औरस पुत्र नसलेल्या छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांनी ५ एप्रिल १८४८ रोजी, मृत्यूच्या काही तास आधी, दत्तक घेतला. १८१९ च्या तहाने राज्य राजा, त्याचे वारस व उत्तराधिकारी यांना कायमचे दिले होते; मात्र ‘वारस’ या शब्दात दत्तक पुत्र येतो की नाही, याचा खुलासा त्यात नव्हता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क दत्तकास अनुकूल होते. दत्तकास खाजगी मालमत्ता मिळते, कंपनीच्या संमतीविना गादी नव्हे, ही लॉर्ड डलहौसीची भूमिका मान्य होऊन संस्थान खालसा झाले. १८५७ च्या उठावानंतर संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या. सांगलीत १९०३ मध्ये दत्तक आलेले चिंतामणराव पटवर्धन गादीवर बसले.