फराळाचा वेळ कोणाचा?

दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात दरवर्षी एक संवाद हमखास घडतो. टेबलावर सत्रपरीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात, गुण भरण्याची मुदत उलटत आलेली असते आणि कोणीतरी विचारते, "मग, घरी काय काय केलंत यंदा?" उत्तर बहुधा ओशाळलेले असते. "कसलं काय हो, वेळच मिळाला नाही. सगळं बाहेरूनच आणलं." आणि त्याला जोडूनच दुसरे वाक्य येते : "आमच्या आजीला कसा वेळ मिळायचा, कोण जाणे!"

आम्ही दोघी मराठी शिकवतो, दोघींनीही चाळिशी ओलांडली आहे, आणि हे दुसरे वाक्य आम्हीही अनेकदा उच्चारलेले आहे. त्यात आजीविषयीचा आदर असतो, तशी स्वतःविषयीची एक अपराधी भावनाही असते. परंतु इतिहासाच्या अंगाने पाहू गेल्यास हा प्रश्नच मुळात चुकीचा मांडला जातो, असे आम्हांस वाटते. आजीला वेळ 'मिळत' होता का? की तो कोणाकडून तरी घेतला जात होता?

प्रथम वेळेचा हिशेब मांडू. त्यासाठी अनारसा हे उत्तम उदाहरण होय. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे आणि रोज पाणी बदलायचे. मग ते उपसून सुती कापडावर सावलीत पसरायचे, आणि किंचित ओलसर असतानाच कुटून, चाळून पीठ करायचे. त्यात गूळ आणि थोडे तूप मिसळून गोळे डब्यात मुरत ठेवायचे, तेही चार-पाच दिवस. एवढे झाल्यावर खसखशीवर थापून मंद आचेवर तळायचे, आणि इतके करूनही अनारसा तुपात 'हसला' तर सारा खटाटोप वाया. चकलीचे तेच. धान्ये आणि डाळी धुणे, वाळवणे, वेगवेगळ्या भाजणे, दळणे, मग उकड आणि शेवटी सोऱ्या. यात हाताला प्रत्यक्ष काम तासा-दोन तासांचे. उरलेला काळ वाट पाहण्याचा. पण ही वाट पाहण्यासाठी कोणीतरी सतत घरात असावे लागते. पाणी कोणी बदलावे, तांदूळ नेमका केव्हा उचलावा, हे घराबाहेर राहून ठरवता येत नाही. आपले सणाचे पाकशास्त्र 'घरात कोणीतरी आहेच' या गृहीतावर उभे आहे.

हे 'कोणीतरी' कोण होते? एकत्र कुटुंबात हात पुष्कळ असत, असे आपण कौतुकाने सांगतो. त्या हातांत सासुरवाशिणी होत्या, तशा विधवा आत्या, मावश्या आणि काकूही होत्या. एकोणिसाव्या शतकात आणि पुढेही अनेक ब्राह्मण घरांत केशवपन झालेल्या स्त्रीच्या वाट्याला सोवळ्यातला सगळा स्वयंपाक येई; मात्र सणाच्या मंगलकार्यात तिने पुढे येणे निषिद्ध असे. तिच्या वेळेला किंमत नव्हती, म्हणून तो मुबलक होता. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला, तेव्हा विधवांच्या शिक्षणाची सोय झाली हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. त्याच घटनेकडे स्वयंपाकघरातून पाहिले तर दिसते ते असे : ज्या हातांवर घराचा सण उभा होता, त्यांपैकी काही हात प्रथमच स्वतःच्या कामासाठी मोकळे झाले.

१९१० हे साल या दृष्टीने फार बोलके आहे. त्या वर्षी रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' प्रसिद्ध झाले. पतीच्या प्रोत्साहनाने शिकणाऱ्या सुनेला घरातील वडीलधाऱ्या बायकांचा किती रोष पत्करावा लागला, याची हकिगत त्यात आहे. त्याच वर्षी लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तकही आले. एकीत अक्षरासाठी वेळ काढणारी सून आहे, दुसरीत अक्षरातून रांधायला शिकणारी गृहिणी. आम्हांला 'मित्र' हा शब्द लक्षणीय वाटतो. ज्या घरात सासू, जाऊ, नणंद शेजारी उभी आहे, तेथे पुस्तकातल्या मित्राची गरज कशाला? पुढे १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले आणि वाटी-चमच्याच्या मापाने ते घरोघरी पोचले. 'अंदाजाने' या शब्दात पिढ्यांचा सहवास गृहीत असतो. तो सहवास जसा विरळ झाला, तसे माप आवश्यक झाले.

आतापर्यंत आपण तळणाबद्दल बोललो. भट्टीत वा निखाऱ्यांवर भाजण्याचे पदार्थ आपल्याकडे थोडे. पण जे आहेत, त्यांत काळ फार निराळ्या रीतीने वागतो. पाठारे प्रभूंच्या घरी खाली-वर निखारे ठेवून भानोले भाजले जाई. गोव्यात नाताळला होणारी बेबिंका तर थेट काळाचीच वडी म्हणावी. अंड्याचा बलक, नारळाचे दूध, साखर आणि पीठ यांचा एक थर ओतायचा, वरून आच देऊन तो तांबूस होऊ द्यायचा, मगच तुपाचा हात फिरवून दुसरा थर. घाई केली की थर एकमेकांत मिसळलेच. आणि त्याच नाताळच्या ताटात ख्रिस्ती घरांतून जी नेवरी असते, तीच चतुर्थीला हिंदू घरांतून होते. धर्म निराळे, तिथी निराळ्या, पण पारी लाटून कडा मुरडणारे हात दोन्हीकडे बायकांचेच.

महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गाला भट्टीची ओळख करून दिली ती नानकटाईने. सुरतेतील डच वखारीच्या काळातील बेकऱ्यांशी तिचे मूळ जोडले जाते. आमच्या लहानपणी, ऐंशीच्या दशकात, दिवाळीपूर्वी मैदा, रवा, पिठीसाखर, वनस्पती तूप आणि वेलदोडे घेऊन गल्लीतल्या बेकरीत जाण्याची रीत होती. पाव भाजून झाले की भट्टीत जी धग उरे, तिच्यावर आमची नानकटाई भाजली जाई. पत्र्यावर नावाची चिठ्ठी, बाहेर डब्यांची रांग, आणि आत घामाने निथळत लांब दांड्याच्या फळीने पत्रे आतबाहेर करणारे मुसलमान भट्टीवाले चाचा. लक्ष्मीपूजनाच्या ताटातील एक पदार्थ त्यांच्या हातून होऊन येतो, याचे कोणालाच नवल वाटत नसे. आणखी एक गोष्ट आता ध्यानात येते. आमच्या दोघींच्याही घरी फराळाचा हा एकच पदार्थ असा होता, की ज्यासाठी वडील आणि काका रांगेत उभे राहत. काम उंबऱ्याबाहेर गेले की पुरुषाला ते करण्यात कमीपणा वाटत नाही, एवढे त्यावरून कळते.

उंबऱ्याबाहेर गेलेल्या कामाला दामही मिळू लागतो. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गुजराती गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. ती 'लिज्जत'ची सुरुवात. गिरणगावात कामगारांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. पापड लाटणे आणि पोळ्या भाजणे ही कामे या बायका आधीही करीतच होत्या. बदलले ते इतकेच, की त्या कामाच्या वेळेला आकडा मिळाला. आज बचत गटांकडून आणि घरगुती उद्योगांकडून आपण जो फराळ मागवतो, तो याच वाटेने आलेला आहे.

आणि तरीही हिशेब मिटलेला नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या देशव्यापी पाहणीत, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७, असे आढळले. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली, हे खरे. परंतु ती पुरुषाने उचलली असे मात्र नव्हे, कारण त्याचीही नऊ मिनिटे कमीच झाली. कुकर, मिक्सर, गॅस यांनी श्रम हलके केले. वाटणी मात्र जवळजवळ जशीच्या तशी राहिली.

म्हणून 'आजीला वेळ कसा मिळायचा' याचे उत्तर आम्ही आता असे देतो : तो तिला मिळत नसे. तिच्याकडून, तिच्या जावेकडून, विधवा नणंदेकडून तो घेतला जाई, आणि आपण खात असलेल्या अनारशाच्या जाळीत तो दिसत नसे. याचा अर्थ तिला त्यात आनंद नव्हता, असा नाही. करंज्या करायला चाळीतल्या बायका आळीपाळीने एकमेकींकडे जमत, तेव्हाच्या गप्पा आणि चेष्टामस्करी आम्ही ऐकलेली आहे. त्या दुपारी त्यांच्या स्वतःच्या होत्या. परंतु त्या आनंदाच्या आठवणीचा उपयोग आजच्या बाईला अपराधी ठरवण्यासाठी होऊ नये.

बाहेरून फराळ आणतानाही एक प्रश्न उरतोच. मागील वर्षी आम्ही दोघींनी एका घरगुती उद्योगातील बाईंकडे चकल्या सांगितल्या होत्या. धनत्रयोदशीच्या रात्री साडेनऊला त्या स्वतः डबे घेऊन दारात आल्या. सहज विचारले, "तुमच्या घरचं झालं का हो?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आता जाऊन करायचं की, बाई. पोरं थांबलीत." पैसे देताना आमच्यापैकी एकीच्या तोंडावर आलेले 'काही कमी करा ना' हे शब्द तोंडातच राहिले.

यंदा आम्ही मागणी पंधरा दिवस आधी नोंदवली आहे, आणि डबे अष्टमीलाच आणायला आम्ही त्यांच्या घरी जाणार आहोत. घरी फक्त नानकटाई करायची, असे ठरले आहे. गल्लीतली भट्टी केव्हाच बंद झाली, त्यामुळे ती घरच्या ओव्हनमध्येच भाजावी लागेल. पीठ मळण्याचे काम दोन्ही घरांतल्या पुरुषांकडे दिले आहे. पहिला घाणा बिघडेल अशी चिन्हे आहेत. बिघडो.